पडून राहणाऱ्यांची उधारी

लेखमाला : अ‍ॅनिमेच्या गल्लीबोळांतून (लेखांक ११)

गेल्या आठवड्यात आपण घाम गाळणाऱ्यांबद्दल बोललो. डोंगर चढणारे, हाताची सालटं निघेपर्यंत ठोसे मारणारे, हरले की दात-ओठ खात पुन्हा उभे राहणारे. अ‍ॅनिमे म्हटलं की आधी हीच मंडळी आठवतात. पण त्याच पडद्यावर, त्याच प्रेक्षकांची तितकीच लाडकी अशी दुसरी एक जमात आहे आणि ती शक्यतो उभीच राहत नाही.

सुरुवात नोबितापासून. मराठी घरांत त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. कित्येक वर्षं तो हिंदी बोलत आपल्याकडे जेवणाच्या वेळेला हजर असतो. दुपारचा नोबिता नीट पाहा. शाळेतून येतो, दप्तर भिरकावतो, बसायची चौकोनी गादी मधोमध दुमडून डोक्याखाली घेतो आणि तातामीच्या चटईवर आडवा होतो. झोप लागायला त्याला एक सेकंदही पुरतो. चाहते तर ०.९३ सेकंद असा चोख आकडा सांगतात. शून्य गुणांचे पेपर लपवण्यात जी मेहनत तो घेतो, तिच्या पावपट अभ्यासात घेतली असती तर मालिका पहिल्याच वर्षी आटोपली असती.

१९७० साली मासिकांतून सुरू झालेल्या 'डोरेमॉन' या चित्रकथेचे जनक फुजिको एफ. फुजिओ, म्हणजे हिरोशी फुजिमोतो. डोरेमॉन कसा सुचला हे त्यांनी स्वतःच चित्रांतून सांगून ठेवलं आहे. मजकूर द्यायची तारीख डोक्यावर आलेली, कल्पना काही सुचत नव्हती, डोक्यात एक भटकं मांजर घोळत होतं आणि गृहस्थ चक्क झोपले. सकाळी उठल्यावर जी तारांबळ उडाली तीत ते मुलीच्या बाहुलीवर अडखळले. कितीही ढकललं तरी पुन्हा ताठ होणारी गोलमटोल बाहुली. मांजर आणि बाहुली एकत्र झाली आणि डोरेमॉन जन्मला. आळशी पोराची गोष्ट अशी भर कामाच्या वेळी काढलेल्या डुलकीतून आली.

असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण इथे शब्दशः खरी होते. फक्त हरी टेबलाच्या खणातून येतो. पण तो का येतो हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. मोठेपणी नोबिताचा धंदा बुडतो, कर्ज होतं आणि ते इतकं की त्याच्या नातवाचा नातू, सेवाशी, तोही ते फेडतोच आहे. म्हणून तो भविष्यातून यंत्रमांजर पाठवतो. म्हणजे आळसाची उधारी पाचव्या पिढीच्या खात्यावर. हे खातं लक्षात ठेवा, कारण जपानी आळशांच्या बहुतेक गोष्टींत ते कुठे ना कुठे उघडलेलं असतं.

त्या खात्याची जुनी पानं लोककथेत सापडतात. तीन वर्षं झोपलेला नेतारो ही कथा जपानभर वेगवेगळ्या रूपांत सांगितली जाते. मला आवडतं ते यामागुची प्रांतातलं, आसा गावचं रूप. गावच्या मुखियाचा हा मुलगा खातो आणि झोपतो, बस्स. गाव त्याला नावं ठेवून थकतं. तीन वर्षांनी तो उठतो आणि बापाकडे मागतो काय, तर एक मोठं गलबत आणि ते भरून गवताच्या चपला. चपला घेऊन तो सादो बेटावर जातो. तिथे सोन्याच्या खाणी आहेत. खाणकामगारांना तो नव्या चपला फुकट देतो. बदल्यात त्यांच्या झिजलेल्या, चिखलाने माखलेल्या जुन्या मागून घेतो. गलबतभर फाटक्या चपला गावात उतरतात तेव्हा लोक कपाळाला हात लावतात. नेतारो मात्र मोठ्या पिंपांत त्या एकेक धुवायला घेतो आणि तळाशी सोन्याची रेती जमते. त्या सोन्यातून आसा नदीवर बांध होतो, पाट निघतात, कोरडी जमीन भिजते. आजही आसा स्टेशनसमोर या झोपाळूचा पुतळा आहे. तीन वर्षांची थकबाकी त्याने व्याजासकट फेडली.

'नारुतो'मधला शिकामारू नारा हा नेतारोचा थेट वंशज. मासाशी किशिमोतो यांची चित्रकथा १९९९ साली सुरू झाली, अ‍ॅनिमे २००२ साली. भोवती सगळे 'मी सर्वश्रेष्ठ होणार' म्हणून ओरडत असताना हा गच्चीवर उताणा पडून ढग बघतो आणि ऊठसूट 'काय कटकट आहे' म्हणतो. परीक्षेत गुण कमी, कारण पेन्सिल हलवायचा कंटाळा. बुद्धिबळासारख्या शोगीच्या खेळात मात्र तो एकदाही हरत नाही, हे गुरू आसुमाच्या लक्षात येतं. मग खेळ म्हणून तो त्याच्याकडून बुद्ध्यांकाची चाचणी सोडवून घेतो. निकाल दोनशेच्या वर.

बढतीच्या परीक्षेतला त्याचा तेमारीशी सामना मी कितीदा पाहिला असेल! तो खाली बसतो, दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक लावून वर्तुळ करतो, डोळे मिटतो. भर आखाड्यात लढवय्या विचार करत बसला आहे, आणि कॅमेराही थांबतो. शेवटी तो तिला आपल्या सावलीच्या जाळ्यात पुरती अडकवतो, हात वर करतो आणि जाहीर करतो, 'मी हरलो.' अंगातली शक्ती संपत आलेली. पुढे ताणण्यात अर्थ नाही. त्या परीक्षेत बढती मिळते ती एकट्या त्यालाच. दुसऱ्या कुठल्या लेखकाने हा प्रसंग निवडला असता का, शंका आहे.

शिकामारूचं आयुष्याचं स्वप्नही ऐकण्यासारखं आहे. बेताचा निंजा व्हायचं. बायको ना फार सुंदर ना कुरूप. आधी मुलगी, मग मुलगा. दोघं मार्गी लागली की निवृत्ती, शोगी, आणि बायकोच्या आधी म्हातारपणाने मरण. अगदी आपल्याकडच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर शोभावं असं. पण आसुमा मारला जातो आणि या पोराला उठावं लागतं. पुढे तो थेट गावप्रमुखाचा सल्लागार होतो. उधारी वसूल.

'ह्योका'मधला होतारो ओरेकी जरा निराळा. होनोबू योनेझावा यांची कादंबरी २००१ ची. क्योतो अ‍ॅनिमेशनची मालिका २०१२ ची, दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो. (२०१९ साली या स्टुडिओला लावलेल्या आगीत मेलेल्या ३६ जणांत ताकेमोतोही होते.) ओरेकीचं धोरण विजेच्या बचतीसारखं आहे: करायला नको ते करायचंच नाही, करावंच लागलं तर झटपट उरकायचं. हा स्वभाव आला कुठून, याचं उत्तर मालिकेत मिळत नाही. ते योनेझावांच्या नंतरच्या एका कथेत आहे. प्राथमिक शाळेत झाडांना पाणी घालायचं काम दोघांचं. पण जोडीदारणीची अडचण सांगून शिक्षकांनी ते याच्या एकट्याच्या गळ्यात टाकलं. पोरगं मुकाट्याने करत राहिलं. मग एक दिवस त्याला कळलं की आपण 'नाही' म्हणत नाही म्हणूनच आपल्याला जुंपलंय. त्या दिवसापासून त्याने स्वतःला सुट्टी देऊन टाकली. इथे खातं उलटं आहे. देणेकरी जगच.

आळशी पात्र निर्मात्याला स्वस्त पडत असेल, असं वाटणं साहजिक आहे. १९६३ साली तेझुकांचा 'अ‍ॅस्ट्रो बॉय' आल्यापासून जपानी टीव्ही अ‍ॅनिमे कमीत कमी चित्रांत काम भागवतं. सेकंदाला आठ चित्रं पुष्कळ झाली. त्यात नायकच झोपलेला, मग काय हवं? पण ओरेकीचा वाकलेला खांदा, टेबलावर हळूहळू ओघळत जाणारा हात बघा. जडपणा दाखवायला पळापळीइतकीच मेहनत पडते.

पापाच्या नावाने आलेले आळशी मला मात्र फारसे भावले नाहीत. तरी एक गंमत सांगतो. 'फुलमेटल अल्केमिस्ट'मधल्या स्लॉथ नावाच्या राक्षसाला सगळ्याचाच कंटाळा, आणि अख्ख्या देशाभोवती भुयार खणायला लावलंय त्यालाच. 'रीःझिरो'मधला पेतेल्ग्यूस आळसाचा महंत, तर तो दुसऱ्यांना आळशी म्हणून झोडपत स्वतःच्या कष्टाळूपणाची टिमकी वाजवतो.

२०१३ पासून मात्र वेगळंच काही घडलं. सॅनरिओ कंपनीने खाद्यपदार्थांच्या पात्रांची स्पर्धा घेतली. पहिला आला माशाचा तुकडा. दुसरं आलं गुदेतामा, अंड्याचं पिवळं बलक, जे बेकनची चादर ओढून पडून असतं. पुढे जग जिंकलं ते बलकानेच. त्याच्यात हुशारी दडलेली नाही, कुणी मेलं म्हणून ते पेटून उठत नाही. २०१५ ची 'उमारू-चान' घरी येताच टोपडं चढवून कोला आणि वेफर्स घेऊन लोळते. २०१६ चा तानाका इतका सुस्त की मित्र त्याला काखोटीला मारून नेतो.

या पिढीच्या मागे १९९० च्या सुमारास फुटलेला आर्थिक फुगा आहे. कंपनीला आयुष्य वाहिलं तर कंपनी आयुष्यभर सांभाळेल, हा करार मोडला. शिक्षण नाही, नोकरी नाही अशा तरुणांचं 'नीट' हे नाव २००४ पासून सर्वतोमुखी झालं. दुसऱ्या टोकाला कामाने मरणारे. त्यासाठी २०१४ साली कायदा करावा लागला. कष्टाची अशी परतफेड बघितलेल्या प्रेक्षकाला नेतारोचं सोनं कोण पटवणार?

म्हणून या काळातलं माझ्या मते सगळ्यात धीट काम 'ओसोमात्सु-सान', २०१५. गंमत म्हणजे 'नारुतो' ज्या स्टुडिओ पिएरोने केलं, त्यांचंच. फुजिओ आकात्सुका यांनी १९६२ साली रंगवलेली सहा जुळी कार्टी इथे मोठी झाली आहेत. सहाही बेकार, आईबापांच्या जिवावर, एकाच लांबलचक गादीवर ओळीने झोपणारी. एका भागात आईबाप घटस्फोट घ्यायचं ठरवतात आणि आई मात्सुयो जाहीर करते, सगळ्यांना पोसणं जमणार नाही, निवड होईल. मग रीतसर मुलाखती. नोकरीच्या मुलाखतीला जन्मात न गेलेले घोडे आईसमोर ताठ बसून मला का पोसावं हे पटवून देतात, एकमेकांवर कुरघोडी करतात, घाम गाळतात.

नोबिताची आई तामाको, शिकामारूची आई योशिनो (जिला तो आणि त्याचा बाप दोघेही टरकून असतात) आणि ही मात्सुयो. या आयांना एक अख्खा लेख हवा. तो पुढच्या आठवड्यात.