मुलीला पेट्रोलियममध्ये एम.टेक. करायचंय? आधी गेट, मग कर्ज



आपल्या गटांतल्या घरातल्या मुली आता इंजिनिअर होऊ लागल्यात. वसईचं विद्यावर्धिनी, विरारचं विवा अशा जवळच्या कॉलेजांतून मुलगी मेकॅनिकल होते आणि घरी येऊन म्हणते, "आई, मला पेट्रोलियममध्ये एम.टेक. करायचंय." आईला त्यातलं काही कळत नाही. मग बैठकीत पहिला प्रश्न येतो, "गटातून कर्ज किती मिळेल?"

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: "मुलीने गेटचा फॉर्म भरला का?" कारण गेट चांगली गेली, तर सरकारी संस्थेत शिकताना दर महिन्याला पैसे मिळतात. गेट न देता प्रवेश घेतला, तर बहुतेक वेळा सगळा भार घरावर येतो.

हे शिक्षण नक्की कशाचं?

खोल समुद्रात बोटी घेऊन जाणाऱ्यांना तेलाचे फलाट आणि त्यांवरच्या ज्वाळा नव्या नाहीत. ते बॉम्बे हाय. 1974 मध्ये 'सागर सम्राट' या रिगवरून ओएनजीसीने तिथे तेल शोधलं, आणि 21 मे 1976 ला उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर आत हे क्षेत्र आहे. तिथलं तेल समुद्राखालच्या नळांनी उरणला येतं.

आपल्याला वाटतं, खाली तेलाचं तळं असेल आणि पंप लावला की झालं. तसं नसतं. तेल दगडाच्या बारीक छिद्रांत असतं. आपला जांभा दगड पाणी कसं धरून ठेवतो, तसं समजा. बॉम्बे हायचा मुख्य थर चुनखडीचा आहे. त्या छिद्रांतून सगळं तेल कधीच निघत नाही. जगात सरासरी पाहिली तर साधारण एक तृतीयांशच हाती येतं, बाकी खालीच राहतं. विहीर कुठे आणि कशी खणायची, दाब कसा सांभाळायचा, खाली पाणी सोडून तेल पुढे कसं ढकलायचं, हे सगळं पेट्रोलियम इंजिनिअर ठरवते.

एक गोंधळ टाळा. पेट्रोकेमिकल हा वेगळा विषय आहे. तेल वर आल्यानंतर त्यापासून वस्तू बनवायचं ते शिक्षण. रायगडात लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठात ते आहे. फॉर्म भरताना नाव नीट वाचा.

कुठे शिकता येतं?

या विषयातली सर्वात जुनी आणि मोठी नावाजलेली संस्था धनबादची. 1926 मध्ये सुरू झालेली ही खाण-शिक्षणाची संस्था 2016 मध्ये आयआयटी झाली. आयआयटी मद्रासमध्येही एम.टेक. आहे. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात जायस इथे राजीव गांधी पेट्रोलियम संस्था आहे, ती संसदेच्या कायद्याने झालेली. आपल्याला जवळ म्हणजे गांधीनगरचं पंडित दीनदयाळ ऊर्जा विद्यापीठ. तिथली फी आणि नियम वेगळे आहेत. पुण्याच्या एमआयटीत पेट्रोलियमची पदवी करता येते.

पदवी पेट्रोलियमचीच हवी असं नाही. केमिकल आणि मेकॅनिकलच्या मुलींनाही बऱ्याच ठिकाणी दार उघडं असतं. पण कुठल्या संस्थेला कुठली पदवी आणि गेटचा कुठला पेपर चालतो, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघायचं. कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र असलेल्या मुलीला आणखी एक वाट आहे. 'जॅम' परीक्षा देऊन पवईच्या आयआयटीत भूगर्भशास्त्राची एम.एस्सी. करता येते. तेल कंपन्यांना भूगर्भतज्ज्ञही लागतात.

गेट म्हणजे काय?

गेट ही इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण. कॉम्प्युटरवर होते आणि पेपर फक्त इंग्रजीत असतो. पेट्रोलियमचा स्वतंत्र पेपर 2017 पासून आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षा देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी एकदा देऊन बघितली आणि कमी पडले, तरी शेवटच्या वर्षी पुन्हा देता येते. मुलींना फी निम्मी असते.

मुलीला दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. स्वतःचा कॅलक्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचाच वापरायचा असतो, त्याचा सराव घरी करावा. आणि पर्याय निवडायच्या प्रश्नांत एकच उत्तर असेल तिथे चूक झाली तर गुण कापतात. आकडा टाइप करायच्या प्रश्नांत कापत नाहीत.

वर्षाचं वेळापत्रक

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा:

- ऑगस्ट-सप्टेंबर: गेटचा फॉर्म
- फेब्रुवारी: परीक्षा
- मार्च: निकाल, आणि लगेच प्रत्येक संस्थेचा वेगळा अर्ज
- मे-जून: आयआयटीच्या जागांच्या फेऱ्या
- जुलैच्या सुमारास: वर्ग सुरू

गेट पास झाली म्हणजे प्रवेश झाला, असं नाही. प्रत्येक आयआयटीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. शिवाय 'कोऑप' नावाच्या सामाईक पोर्टलवर नोंदणी लागते. जागा मिळाल्याचं तिथेच कळतं आणि ठरलेल्या वेळेत तिथेच होकार किंवा नकार द्यावा लागतो. उत्तर दिलं नाही तर आलेली जागा जाते. त्या दिवसांत मुलीला लग्नकार्याला गावी नेणार असाल, तरी मोबाइलला नेट असेल हे बघा.

दाखला: इथे मुली अडकतात

आपल्याकडच्या अनेक घरांत ओबीसीचा दाखला आहे. पण तो राज्याच्या नमुन्यातला असतो. आयआयटी आणि केंद्राच्या इतर संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो, आणि तो त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेला असावा लागतो. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधी तपासा. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथे नसते. एसईबीसी हे आरक्षण फक्त राज्याचं आहे, केंद्रात चालत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखलाही दरवर्षी नवीन लागतो.

एप्रिल लागला की लगेच सेतू केंद्रात अर्ज टाका. जून उजाडेपर्यंत थांबलात, तर दहावी-बारावीच्या गर्दीत दाखला अडकेल.

आता पैशाचं

गेट पास होऊन एम.टेक.ला पूर्णवेळ प्रवेश घेतला, तर सरकारची शिष्यवृत्ती महिन्याला 12,400 रुपये आहे. आयआयटीत त्यासाठी आठवड्याला काही तास शिकवण्याच्या कामात मदत करावी लागते. 24 महिने मिळाली, तर होतात 2,97,600 रुपये.

आता गटाचा हिशोब बघा. 1 लाख रुपये महिना 2 टक्क्यांनी घेतले, तर नुसतं व्याज महिन्याला 2,000. दोन वर्षांत 48,000, आणि मुद्दल तसंच उभं.

म्हणून गटातून कर्ज घ्यायचं ते छोटं: फॉर्मची फी, पुस्तकं, परीक्षेला जायचा प्रवास. मोठी रक्कम लागलीच, तर बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण किंवा जामीनदार लागत नाही. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात 3 टक्के व्याजसवलतीसाठी अर्ज करता येतो. हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होतो.

प्रवेश घेण्याआधी संस्थेला लेखी विचारा: "या जागेवर शिष्यवृत्ती मिळते का?" स्वखर्चाच्या आणि कंपनीने पाठवलेल्या जागांवर ती सहसा नसते.

आणि कुणी एजंट "रिगवर नोकरी लावतो" म्हणून काही दिवसांच्या कोर्सचे लाख-दीड लाख मागत असेल, तर ते एम.टेक. नव्हे. पैसे देण्याआधी गटात विचारा.

"पण मुलीला समुद्रात पाठवायचं?"

हा प्रश्न आजी विचारते, वडील विचारतात. त्याला खरं उत्तर द्यायला हवं.

1952 च्या खाण कायद्यात तेलविहिरीही 'खाणी'त धरल्या होत्या. त्या कायद्याने बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 काम बंद होतं. फलाटावर तर काम दिवसरात्र चालतं. 29 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने ही वाट मोकळी झाली: बाईची लेखी संमती हवी, सुरक्षेची सोय हवी, आणि रात्रपाळीत किमान तिघी एकत्र हव्यात. म्हणजे आज शिकणाऱ्या मुलीपुढे कायद्याची ती भिंत नाही.

धोका आहे, तो लपवून उपयोग नाही. जुलै 2005 मध्ये बॉम्बे हायच्या फलाटाला आग लागली. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. पण या क्षेत्रातली प्रत्येक नोकरी समुद्रातली नसते. थराचा अभ्यास, गणितं, आराखडे हे काम कार्यालयात, कॉम्प्युटरवर चालतं. समुद्रावर जाणाऱ्यांची पाळी साधारण 14 दिवस काम, 14 दिवस घरी अशी असते आणि जुहूहून हेलिकॉप्टरने ये-जा होते.

नोकरीचंही स्पष्ट सांगते. तेलाचे भाव पडले की भरती थांबते. 2014 नंतर आणि 2020 मध्ये तसंच झालं. सरकारी कंपन्यांनी गेटच्या गुणांवर भरती केली आहे, पण पद्धत वर्षागणिक बदलते. तेलाचा वापर पुढे कमी करायचा हेही जगाने बोलायला सुरुवात केली आहे. मात्र जमिनीच्या पोटातली उष्णता वापरणं, कार्बन वायू खाली साठवणं, यालाही हेच ज्ञान लागतं. म्हणून मुलीने एकाच कंपनीकडे डोळे लावून बसू नये.

या महिन्यात काय करायचं?

मुलगी तिसऱ्या वर्षाला असेल, तर गेटच्या फॉर्मची तारीख बघा. शेवटच्या वर्षाला असेल, तर दाखल्यांची फाइल तयार करा. बारावीला असेल, तर एवढं लक्षात ठेवा: जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक पदवीची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी कॅप फेरीतून हवा. खाजगी विद्यापीठांना आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना हा निर्णय लागू नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाचा विषय येईल, तेव्हा अध्यक्ष ताईंनी आधी एवढंच विचारावं, "गेटचा फॉर्म भरला का गं?" नसेल भरला, तर त्याच बैठकीत मोबाइलवर तारीख बघून वहीत लिहून घ्या.