चाळिसावरून पाचावर

2009 मध्ये नाशिक शहराने महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला तीन आमदार दिले. 2012 मध्ये महापालिकेच्या 122 पैकी 40 जागा मिळाल्या, महापौरपदही आले. राज्यात विरोधी बाकांवर बसलेल्या पक्षासाठी हा केवढा मोठा विश्वास!

2014 च्या विधानसभेत मात्र नाशिकच्या तिन्ही जागा गेल्या. पाठोपाठ माजी आमदार वसंत गीते यांनीच पक्ष सोडला. मग नगरसेवकांची गळती लागली. गल्लीबोळातला मतदार पक्षाला ओळखतो तो त्याच्या नगरसेवकामुळे. तोच गेला की चिन्ह पोरके होते.

त्यात 2017 ला चार सदस्यांचे प्रभाग आले. एका प्रभागात चार तगडे उमेदवार आणायचे कुठून?

उरल्या पाच जागा. भाजपला 66 मिळाल्या.