'बजेट' म्हणजे नेमके काय? तरतूद आणि खर्च यांत गल्लत नको

जयंती उत्सव समितीच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो, "यंदा बजेट किती?" तिथे बजेट म्हणजे वर्गणीचा अंदाज. "हा मोबाईल आपल्या बजेटमध्ये बसत नाही" म्हणताना तोच शब्द खर्चाची मर्यादा सांगतो. आणि मार्चमध्ये 'मागासवर्गीयांसाठी इतक्या कोटींचे बजेट' ही बातमी शेअर करताना आपण धरून चालतो, की पैसे मिळाले. फसगत इथेच होते.

फ्रेंचमधल्या छोट्या चामडी पिशवीच्या नावावरून इंग्रजीत हा शब्द आला. मराठीत आपण 'अर्थसंकल्प' म्हणतो, 'अंदाजपत्रक'ही म्हणतो. दुसरा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो अंदाज असल्याचे कबूल करतो. संविधानाच्या अनुच्छेद ११२ मध्ये बजेट हा शब्दच नाही. तिथे 'वार्षिक वित्तीय विवरण' आहे. बाबासाहेबांनी ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर १९२५ साली आख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण रुपयावरच्या ग्रंथाचे नाव घेतो, हा मात्र मागेच राहतो.

केंद्राच्या अर्थसंकल्पात एकाच योजनेपुढे चार आकडे असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. बातमीत येतो तो बहुधा शेवटचा, कारण तो नवा असतो. खरी गोष्ट पहिल्या तिघांत असते. समजा, शिष्यवृत्तीसाठी १०० कोटींचा अंदाज होता, सुधारित अंदाजात ७० झाले आणि खर्च ५५ झाला. पुढच्या वर्षी पुन्हा १०० लिहिले, तर 'कपात नाही' असे सांगता येते. वसतिगृहातल्या मुलाला मात्र त्या ५५ मधलेच मिळणार. अनुसूचित जातींसाठीची तरतूद 'व्यय रूपरेखा' या दस्तऐवजातील विवरणपत्र १०-अ मध्ये सापडते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के, महाराष्ट्रात ११.८ टक्के. उपयोजनेची मूळ कल्पनाच लोकसंख्येच्या प्रमाणात निधी ही आहे.

आणखी दोन शब्द. 'अनुदानाच्या मागण्या' या जनतेच्या नसतात, सरकारने सभागृहाकडे केलेल्या असतात. आणि 'निधी समर्पित केला' वाचून कुणी दान केले असे समजू नका. न खर्चलेला पैसा परत गेला, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकताना 'बजेट किती' एवढेच विचारू नका. योजनेचे नाव आणि आर्थिक वर्ष लिहून मंजूर तरतूद, वितरित निधी, ३१ मार्चअखेरचा खर्च आणि समर्पित रक्कम असे चार आकडे वेगवेगळे मागा.