पहिली एअर रायफल: स्वस्त घ्यावी की महाग?

मागच्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न आज घेतोय. "रेंजवर जायला लागून दोन महिने झाले. बाबा म्हणतायत कर्ज काढू, पण एकदाच चांगली जर्मन रायफल घेऊ. घेऊ का?"

प्रश्न साधा नाहीये. पॅरिसमध्ये २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ जिंकलं, त्याआधी २०२२ ला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत वर्ल्ड चॅम्पियन झाला. साहजिकच घरातले म्हणतात, पोराला कमी पडायला नको. पण कमी नक्की काय पडतंय, ते आधी बघू.

एक गोष्ट सुरुवातीलाच. यूट्यूबवरचे अमेरिकन चॅनल बघून 'बजेट की प्रीमियम' ठरवू नका. तिकडे बहुतेक चर्चा सेमी-ऑटोमॅटिक रायफलींची असते. म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप चेंबरमध्ये येते. आपल्या १० मीटर एअर रायफलमध्ये दर वेळी एकच छर्रा हातानं भरायचा. तिथं वेग, मॅगझिन असल्या गोष्टींना काडीचाही अर्थ नाही. दर वेळी तेच आणि तसंच घडणं, एवढंच बघायचं.

आता गणित. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्र्याची कड ठिपक्याला टेकली की १०.०, म्हणजे छर्र्याचं केंद्र मधोमधपासून अडीच मिलिमीटरवर. तिथून प्रत्येक पाव मिलिमीटर आत गेलात की दशांशानं गुण वाढतो, थेट १०.९ पर्यंत. मॅचला ६० शॉट, म्हणजे कमाल ६५४.

तुम्ही आज सरासरी आठच्या आसपास मारत असाल, तर छर्रा केंद्रापासून साधारण साडेसात मिलिमीटर भटकतोय. साध्या पण मॅचसाठी बनवलेल्या रायफलचा बॅरल शिकंज्यात पकडून मारला, तर पाच छर्रे जवळपास एकाच भोकातून जातात. मग उरलेले मिलिमीटर कुणाचे? श्वासाचे, खांद्याचे, ट्रिगरवरच्या बोटाचे. महागडी रायफल ते भरून काढत नाही हो. याउलट ६२० च्या वर खेळणाऱ्याला एका शॉटमागे ०.१ वाढला तरी ६० शॉटमध्ये ६ गुण होतात, आणि तेवढ्यात फायनलची जागा जाते. त्याच्यासाठी ते पैसे वाया नाहीत.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अँशुट्झ यांच्या वरच्या मॉडेलांमध्ये बॅरलइतकीच किंमत ॲडजस्टमेंटची असते. गालाचा टेकू, खांद्यामागची प्लेट, ग्रिपचा कोन, सगळं हलवता येतं. ट्रिगर अगदी हलका आणि दर वेळी त्याच जागी सुटणारा. आत रेग्युलेटर असतो, तो सिलिंडरमधला दाब उतरत गेला तरी छर्र्याचा वेग एकसारखा ठेवतो. हॅमरली एआर-२० सारख्या सुरुवातीच्या मॅच रायफलीत यातलं बरंच काही मिळतं, थोडं कमी नाजूक रूपात.

एक स्वस्तपणा मात्र खरोखर महागात पडतो. जत्रेत फुगे फोडायला असते तशी बॅरल मोडून लोड करायची स्प्रिंगची बंदूक. ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन धावतो आणि छर्रा बाहेर पडायच्या आधीच रायफल हलते. ओपन साइट गटात, गंमत म्हणून, ठीक. पीप साइटला उतरायचं असेल तर तिच्यावर सहा महिने घालवू नका.

माझं मत विचाराल, तर पहिले काही महिने क्लबचीच रायफल वापरा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची उंची अजून वाढायचीय, आणि नियमात रायफल साडेपाच किलोपर्यंत जाऊ शकते. एवढं वजन त्याला कशाला? आधी जॅकेट घ्या. कडक कॅनव्हासचं, अंगाला बसणारं जॅकेट पाठीला जो आधार देतं, तो गुण तुम्हाला त्याच आठवड्यात दिसतो. मग छर्रे. रोज १०० मारलेत तर ५०० चा डबा पाच दिवसांत संपतो. वर्षभराचा हा खर्च घरच्यांना आधी कागदावर दाखवा. रायफल एकदाच घ्यायची असते, छर्रे दर आठवड्याला. आणि छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा हेड साइजमध्ये येतात. प्रत्येक बॅरलचा आपला एक लाडका डबा असतो. दोन-तीन प्रकार टेकूवरून मारून बघितलेत तर रायफल न बदलता ग्रुप घट्ट होऊ शकतो.

आता सेकंड हँड. बऱ्याच जणांना खरा मध्यममार्ग हाच पडतो, आणि सगळ्यात जास्त काळजीही इथंच. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, ती बघा. त्यात २०० बार दाबाची हवा असते आणि सिलिंडर तुमच्या गालापासून जेमतेम हातभर लांब. अनेक कंपन्या त्याला १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन मॅचला गेलात तर इक्विपमेंट कंट्रोलमध्ये अडवू शकतात, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तारीख बघणं ही खेळाडूचीच जबाबदारी आहे. म्हणजे 'स्वस्तात मिळाली' म्हणताना नव्या सिलिंडरची किंमत आधीच धरा. मग मालकासमोरच दहा शॉट टेकूवरून मारा. सिलिंडर भरून रात्रभर ठेवू देत असेल तर सकाळी गेजवर दाब उतरलाय का बघा. उतरला असेल तर कुठलंतरी सील गेलंय.

कागदपत्रांचं थोडक्यात: शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मॅच रायफल त्याच्या बरीच खाली बसते. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या. सेकंड हँड घेताना जुनं बिल आणि सिरियल नंबर जुळवून घ्या, आणि घरी रायफल, छर्रे, सिलिंडर कुलपात.

आणि ज्यानं प्रश्न विचारला त्याच्यासाठी: बाबांना शनिवारी रेंजवर घेऊन जा. क्लबच्या रायफलनं ६० शॉट मार आणि तो कागद कोचसमोर ठेव. सरासरी साडेनऊच्या आत असेल तर कर्जाचा अर्ज इतक्यात भरू नका.