वाशीमच्या भिंतीवर समुद्र

आमच्या वाशीम जिल्ह्यातून समुद्राकडे जातं ते फक्त पाणी. काटेपूर्णेचं पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला, पैनगंगेचं बंगालच्या उपसागराला. आम्ही आपले इथंच. पण गेल्या पौषात शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अलिबागच्या किनाऱ्यावर होतो. समोर कुलाबा किल्ला, चारी बाजूंनी पाणी.

घोडागाडीवाल्यानं घड्याळ पाहिलं नाही, मोबाइलही नाही. म्हणाला, ‘‘आज तेरस. तेरा पाऊण पावणेदहा. भरती आत्ताच झाली. चारला या काका, गाडी आत नेतो.’’

पाऊणकी! शाळेत मार खाऊन पाठ केलेली पाऊणकी समुद्राला लागू पडते, हे आमच्या गुरुजींनी कधी सांगितलं नव्हतं. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, की पुन्हा भरतीकडे. कृष्णपक्षात मोजणी परत एकपासून.

यात जादू नाही, पण जादूहून कमीही नाही. समुद्राला ओढतो मुख्यतः चंद्र, आणि चंद्र रोज डोक्यावर उशिरा येतो. महिन्याच्या 30 तिथ्यांत तो सूर्याच्या मानानं एक पूर्ण फेरी मागं पडतो. म्हणजे 24 तास भागिले 30, तिथीमागं सरासरी 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. उरलेली तीन मिनिटं कोळ्यांनी सोडून दिली, कारण होडी ढकलायला तेवढ्यानं काही अडत नाही. ती साठत जातात खरी: पुनवेला पाऊणकी सव्वाअकरा म्हणते, 48 चा हिशेब बारा.

चारला गेलो तर सकाळच्या लाटांच्या जागी ओली वाळू, खेकड्यांची बिळं आणि चाकांच्या दोन चऱ्या थेट किल्ल्यापर्यंत. या किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी 1680 साली, म्हणजे निधनाच्या वर्षीच, सुरू केलं. पुढं इथूनच कान्होजी आंग्र्यांचा दरारा अरबी समुद्रावर चालला. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले. लाट आपटते, फटींत शिरते, जोर जिरतो. आणि आत, खाऱ्या पाण्याच्या मधोमध, गोडं पाणी! मी ओंजळभर पिऊन खात्री केली.

गावात आणखी एक अदृश्य ओढ मोजली जाते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहानं तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया बिघडणार, म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी 1904 साली पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी इथं सुरू केल्या. इमारतीला दगड आणला पोरबंदरचा. इथला काळा पाषाण चालला नसता. त्यात लोहखनिज असतं, तो स्वतःच सुईला फितवतो. तोच पाषाण आमच्या वाशीमच्या विहिरींत फोडावा लागतो. इतक्या लांब येऊन घरच्या दगडाची लबाडी कळली.

रात्री पोपटी खाल्ली. भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. हुरड्याची सर नाही, पण हे अलिबागात बोलू नये.

आता स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेत घरची मंडळी चतुर्थी शोधतात, मी भरती. आज सप्तमी. साती पाऊण सव्वापाच. पाच वाजून गेलेत, किल्ल्याची वाट बुडाली असेल.