खाण बंद होण्याआधीचे काम

महाराष्ट्राचा कोळसा नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत निघतो, व तेथील बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे आहेत. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली तेव्हा बल्लारपूरची खाण पुढे आली, आणि एक संपली की दुसरी उघडायची ही सोय पुढची शंभर वर्षे पुरली. आजही कायम कामगाराची शेजारच्या खाणीत बदली होते; परंतु कंत्राटदाराच्या हजेरीपटावरील मजूर आणि डंपरचालक यांना तो आधार नसतो, आणि शेजारची खाणही कधीतरी संपणारच असते.

खरी अडचण कौशल्याच्या ओळखीची आहे. भूमिगत खाणीतील सरदार, म्हणजे एका भागातील कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेला माणूस, पाळीच्या आरंभी काठीने छत ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर दगड घट्ट असतो, पोकळ आला तर थर सुटलेला असतो, आणि मग आधार दिल्याखेरीज तो कोणालाही पुढे जाऊ देत नाही. या कामासाठी त्याच्याजवळ खाण सुरक्षा महासंचालनालयाचे प्रमाणपत्र असते, पण आयटीआय झालेल्या फिटरचा कागद छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधील कारखान्यात चालतो तसा हा चालत नाही. कंत्राटी मजुराजवळ तर तेवढाही कागद नसतो, आणि हा अन्याय आधी दूर व्हायला हवा.

केंद्राच्या २००९ पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाण चालू असतानाच ती बंद करण्याचा खर्च दरवर्षी राखीव खात्यात भरावा लागतो. खड्डे आणि जमीन यांच्याइतकाच माणसांचाही खाणबंदीच्या त्या नियोजनावर हक्क आहे. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला खाणीचे पाणी शुद्ध करून बाटल्यांत भरले जाते, सावनेरला २०१६ पासून खाण पर्यटन आहे. हे उपक्रम स्तुत्य आहेत, मात्र त्यांत मोजक्याच हातांना काम मिळते. जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणी बंद करण्याचे २००७ मध्ये ठरवले आणि शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरात बंद केली. मधल्या अकरा वर्षांत लवकर निवृत्ती, बदली आणि पुनर्प्रशिक्षण यांना अवधी मिळाला.

तेवढा अवधी विदर्भातही द्यावा लागेल. नागपूरहून संभाजीनगरमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचे जुळे बोगदे खोदले गेले; अशा बोगद्यांतही डोक्यावरचा दगड ओळखणारा माणूस लागतो, आणि त्या कामाचे प्रशिक्षण सरदाराला खाणीत पगार चालू असतानाच देता येईल.