सहलीच्या अर्जात न बसणारं पाणी

वाशिम जिल्ह्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. जिल्ह्याच्या डोंगराळ भागात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला अकोल्याकडे उतरते, महानच्या धरणात अडते, अकोला शहराच्या नळाला येते. उरलेलं पाणी पूर्णेत, पूर्णेतून चांगदेवजवळ तापीत आणि तापीबरोबर सुरतेकडे अरबी समुद्रात जातं. कास नदी मात्र दक्षिणेला पैनगंगेला मिळते. अरुणावती आणि अडाण यवतमाळ जिल्ह्याची वाट धरतात. या सगळ्यांचं पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता करत गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. हे वाटप करणारी रेघ कुठे आहे म्हणाल, तर तिथे उंच शिखर नाही, फलक नाही. पातूरचा घाट चढून मेडशी-मालेगावकडे आलात की सोयाबीन-तुरीची साधी वावरं लागतात, त्यांच्यातूनच ती कुठेतरी वळणं घेत जाते. घाट संपला तरी उतार लगेच बदलत नाही. काही ओढे अजून अकोल्याकडेच वाहत असतात.

भूगोलाच्या मास्तराला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? तरी गेल्या पाव शतकात जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली शेगावला गेल्या, वेरूळला गेल्या, लोणारला गेल्या. या माथ्यावर सहल म्हणून क्वचितच कोणी आलं. पोरांनी पाणलोट पाहिलाच नाही, असं मात्र नाही. पाहिला, पण सहलीच्या नावाखाली नव्हे. त्याचाच हा मागोवा.

सुरुवात वनभोजनापासून करायला हवी. श्रावणात एखाद्या शनिवारी डबे घेऊन वर्गाची रांग गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळाकडे किंवा नाल्याकाठी जायची. शिकवण्याचा हेतू फारसा नसे, पण वेळ अचूक होती. नाला वाहता, माती ओली, विहिरी भरत आलेल्या. पुढे 'शैक्षणिक सहल' हा रीतसर प्रकार आला आणि तो डिसेंबर-जानेवारीत जाऊन बसला. अभ्यासक्रम बऱ्यापैकी संपलेला, एसटीची सवलतीच्या दरातली गाडी मिळण्याजोगी, थंडी सोसवेल इतकी. पण आपल्याकडचे नाले तोवर कोरडे पडलेले असतात. जो विषय जूनपासून सप्टेंबरपर्यंत डोळ्यांसमोर चालू असतो, त्याची सहल आपण तो संपल्यावर काढू लागलो.

१ जुलै १९९८ रोजी वाशिम अकोल्यापासून वेगळा झाला. १९०५ पूर्वी, वऱ्हाडच्या इंग्रजी कारभारात, 'बासीम' हा वेगळा जिल्हा होताच. त्या अर्थाने हा दुसरा जन्म. नवा जिल्हा, नवा नकाशा. तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात आपापला जिल्हा शिकवण्याची पद्धत चांगलीच होती, पण जिल्ह्याच्या नकाशात नदी सीमेपाशी तुटते. काटेपूर्णेची निळी रेघ वर जाऊन थांबते आणि पोराला वाटतं, नदी तिथे संपली. पैनगंगा तर सीमेवरूनच वाहते, म्हणजे तिचा एक काठ आपल्या पुस्तकात आणि दुसरा हिंगोलीच्या. पाणलोट आणि महसुली हद्द यांचं कधीच पटत नाही. हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला ठाऊक होतं. तिने राज्याची दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली आहे आणि ती निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. ती आकडेवारी शाळेपर्यंत आली असती तर गावच्या विहिरीवरच एक धडा उभा राहिला असता. ती कचेरीतच राहिली.

२००१-०२ च्या सुमारास शाळांमध्ये राष्ट्रीय हरित सेना आली. तिने झाडं लावली, फेऱ्या काढल्या. पाण्याशी तिचा संबंध बहुतेक जागी घोषणांपुरता. त्यामागोमाग सर्वोच्च न्यायालयाच्या आग्रहामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीला पर्यावरणशास्त्र सक्तीचं केलं, आणि त्यात शंभरपैकी पंचवीस गुण चक्क क्षेत्रकार्याला ठेवले: जवळची नदी, डोंगर, तळं बघा, लिहा. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्पवह्या मिळू लागल्या आणि ज्या नद्यांवर त्या लिहिलेल्या होत्या त्या कधी कधी पुणे-कोल्हापूरकडच्या असत. अपवाद होते, भूगोलाचे काही प्राध्यापक मुलांना एकबुर्जी धरणावर नेत आणि वाशिम शहराच्या नळाचं पाणी कुठून येतं ते दाखवत. पण धरण म्हणजे पाणलोटाचा शेवट. पाणी का आलं, किती आलं, गाळ घेऊन आलं की निवळ आलं, हे ठरतं ते वरच्या माळावर.

नदीवर जाऊन शिकण्याचा विचार जगात मात्र त्याआधीच मूळ धरू लागला होता. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचे विल्यम स्टॅप यांनी १९८४ मध्ये अॅन आर्बरच्या ह्युरॉन नदीवर शाळकरी मुलांना पाणी तपासायला लावलं. नदीत खेळलेली काही मुलं आजारी पडली, त्यातून ते सुरू झालं, आणि पुढे त्याचं देशोदेशींच्या शाळांचं जाळं झालं. चेसापीक उपसागराभोवतालच्या राज्यांनी २००० सालच्या करारात लिहूनच टाकलं, की शाळा संपण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला ओढ्यावर किंवा उपसागरावर जाऊन शिकण्याचा अर्थपूर्ण अनुभव मिळाला पाहिजे. धोका होता म्हणून त्यांनी नदी बंद केली नाही, नदीवर कसं जायचं ते शिकवलं.

आपल्याकडे उलटं झालं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. दुःख मोठं होतं आणि शिक्षण खात्याने काही करणं भागच होतं. जे केलं ते असं: सहलींसाठी अटींची लांबलचक यादी निघाली, आणि समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी, उंच टेकड्या अशा ठिकाणी सहल नेऊ नये असं सांगण्यात आलं. यादी नीट वाचली तर लक्षात येतं, की पाणलोट ज्या ज्या गोष्टींचा बनतो त्या सगळ्या तिच्यात आल्या. टेकडी नको, नाला नको, विहीर नको. मुख्याध्यापकांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पुढे सक्ती थोडी ढिली झाली असेल, पण मनातली धास्ती राहिली.

आणि नेमकं पुढच्याच वर्षी पाणी स्वतः चालत आलं. २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झालेली पानी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप ही गावांमधली पाणलोटाच्या कामाची स्पर्धा २०१७ मध्ये तीस तालुक्यांत गेली. वाशिम जिल्ह्यातून कारंजा तालुका तिच्यात होता. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस. परीक्षा आटोपून शाळेला सुट्टी लागण्याचेच हे दिवस. सहलीचा अर्ज नाही, परवानगी नाही, विमा नाही. आई-बाप टिकाव-घमेलं घेऊन माळावर निघाले, पोरं मागोमाग.

त्या दिवसांत कारंजा तालुक्यातल्या एका गावच्या माळावर पाहिलेलं सांगतो. हायड्रोमार्कर नावाचं साधन म्हणजे दोन काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा, आणि दोन्हींना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक काठी जागेवर धरायची, दुसरी घेऊन पुढे सरकायचं. दोन्हीकडच्या नळीत पाणी सारख्याच खुणेवर उभं राहिलं की दोन्ही जागा एका उंचीवर. तिथे फक्की टाकायची आणि पुढे. सातवी-आठवीतली पोरं ते करत होती. एक जण पुढची काठी वर-खाली सरकवतोय, दुसरा मागून ओरडतोय, "खाली, अजून खाली, बस!" तासाभरात माळावर पांढऱ्या ठिपक्यांची नागमोडी रांग उमटली. खोदायला आलेले एक म्हातारे ती बघून वैतागले.

"अबे, रेघ वाकडी चालली ना!"

"आबाजी, रेघ बराबर हाय. जमीन वाकडी हाय."

समोच्च रेषा शाळेत तपकिरी शाईत छापलेल्या असतात आणि त्या नकाशावर गुण मिळवून मुलं पुढच्या वर्गात जातात. हा पोरगा त्या रेषेवर उभा होता. चर समपातळीत खोदला तर पाणी त्यात उभं राहतं, मुरतं. तिरका खोदला तर तोच चर नाला होतो आणि आजवर जी माती वाचली तीही घेऊन जातो, हे त्याला आता कोणी समजावायची गरज नव्हती. पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' म्हणतात, ते का, हेही त्याला कळलं असणार, कारण खालचा माती नालाबांध आधी बांधला असता तर पहिल्याच पावसात तो गाळाने भरला असता.

हिशेब सोपा होता. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. पावसाळ्यात आठशे मिलिमीटर धरले तर हेक्टरी ऐंशी लाख लिटर. पोरं हे आकडे काढत आणि चकित होत. "एवढं पानी कुठी जाते मंग?" हा प्रश्न पाठ्यपुस्तकात स्वाध्यायाखाली छापलेला असता तर कोणी सोडवला नसता.

पण कौतुक इथेच आवरतं घेतो. स्पर्धा म्हटली की घनमीटर मोजले जातात. कारंज्याला लागूनच कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे. काळवीट जगतो तो गवताळ माळावर. गवत स्वतःच पाणी धरतं, माती धरतं. माळ दिसला की चर खोदायचा, असा झपाटा राज्यभर चालला तेव्हा पर्यावरण अभ्यासकांनी हरकत घेतली होती आणि ती रास्त होती. पोरं खणायला शिकली, खणू नये कुठे हे त्यांना फारसं कोणी शिकवलं नाही. शिवाय पंचेचाळीस दिवसांनी स्पर्धा संपे आणि जूनमध्ये शाळा उघडे, तेव्हा माळावरचा चर आणि वर्गातला भूगोल यांची गाठ घालणारा शिक्षक बहुतेक ठिकाणी नव्हता. पाऊस पडून चर भरले ते बघायला वर्गाची रांग गेली पाहिजे होती. फाउंडेशनने पुढे 'निसर्गाची धमाल शाळा' हा उपक्रम शाळांसाठी आणला, तो या गाठीच्याच दिशेने होता.

विहिरीचं शिक्षण तर अजून बाकीच आहे. आपला जिल्हा काळ्या बेसाल्टचा. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, मग कठीण पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि भेगांत. म्हणून पन्नास फुटांवरच्या दोन विहिरींत एक भरलेली आणि एक कोरडी असू शकते. गावात त्याला दैव म्हणतात. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर महिन्याला मोजायचं, वहीत लिहायचं, शेजारी पावसाचा आकडा. एवढं वर्षभर केलं तर दैवाचा बराचसा उलगडा होतो. खर्च दोरीचा. काठावर वाकायचं म्हणून मोठं माणूस सोबत हवं, एवढीच काळजी.

२०१८ ला दहावीचं नवं भूगोलाचं पुस्तक आलं आणि त्याचा पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट'. त्यात मुलं नळदुर्गहून निघतात, वाटेत नदी-तलाव-घाट बघत अलिबागच्या समुद्रापर्यंत जातात. दोन वर्षांपूर्वीची अटींची यादी आठवली की या पाठाची गंमत वाटते. पाठ मात्र चांगला आहे, आणि रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या मास्तराला त्यावरून आपल्या नदीचा पाठ रचता येण्यासारखा आहे. मग २०२० च्या सुमारास नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा विषयच आला: जलचक्र, पाणलोट, ताळेबंद, उपक्रम. पुस्तक आलं आणि शाळांना कुलूप लागलं. कोरोनाच्या त्या काळात पाणलोट मोबाइलच्या पडद्यावर शिकवला गेला, ज्यांच्याकडे मोबाइल होता त्यांना. उपक्रमांचे फोटो व्हॉट्सअॅपवर जमा झाले.

२ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून 'चला जाणूया नदीला' अभियान निघालं, आरंभी पंच्याहत्तर नद्यांचं. नदीकाठाने चालत जायचं, उगमापासून लोकांशी बोलायचं. सरकारी कागदावर प्रथमच नदीकडे चालत जाणं हे काम म्हणून लिहिलं गेलं, याचं मला अप्रूप आहे. त्यानंतर नव्या शैक्षणिक धोरणातले दप्तराविना दहा दिवस आले, सहावी ते आठवीसाठी. या दहांतले दोन पावसाळ्यात माथ्यावर गेले तरी पुष्कळ झालं.

काही शिक्षकांनी यातून आपली वाट आधीच काढली आहे. ते सहल म्हणत नाहीत, 'परिसर भेट' म्हणतात. शनिवारची सकाळची शाळा, चालत जाण्याइतकं अंतर, गाडी नाही, पालकांच्या सह्या, मुख्याध्यापकांची मान हलली की झालं. जुलै-ऑगस्टात जातात, नाला गुडघ्याखाली असेल तरच पलीकडे. पोरं गढूळ पाणी काचेच्या बाटलीत भरतात, ती वर्गाच्या खिडकीत ठेवतात, सोमवारी तळाला बसलेला गाळ पट्टीने मोजतात. कोणाच्या वावरातली माती ती, यावर वर्गात भांडणंही होतात.

या बाटलीतलं पाणी पुढे कुठे गेलं असतं हे दाखवायचं, तर मालेगावच्या बाजूच्या वर्गाला एकदा महानच्या धरणावर न्यावं लागेल. महान बार्शीटाकळी तालुक्यात, म्हणजे अकोला जिल्ह्यात. तिथे एसटी लागेल, मुक्काम नसला तरी जिल्ह्याबाहेरची सहल होईल, आणि ठिकाणाच्या रकान्यात 'धरण' लिहिलेला तो अर्ज पुन्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर जाईल.